घासलेली चावी

चाचांच्या दुकानातून माणूस बाहेर पडला की त्याच्या हातात दोन वस्तू असायच्या. एक दुरुस्त झालेलं घड्याळ आणि दुसरी, कॅलेंडरच्या जुन्या पानाची घट्ट बांधलेली पुडी. घड्याळातून काढलेला तुटका, गंजलेला, झिजलेला जो काही भाग असेल तो त्या पुडीत. निम्म्याअधिक गिऱ्हाइकांना ही पुडी नको असायची. काही जण चार पावलांवर गटारात टाकून द्यायचे आणि चाचांना ते बसल्या जागेवरून दिसायचंही. तरी पुढच्या माणसाला पुडी मिळायचीच. "चीज तुमची हाय," ते म्हणत. "मोडली म्हणून माजी नाय होत."

नेरूळला शिरवणे गावाच्या तोंडाशी एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, काचेची एक पेटी, एक स्टूल, वरून लोंबणारा दिवा आणि मागच्या भिंतीवर सात-आठ घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. आडनाव मुकादम. मूळचे श्रीवर्धनकडचे, तरुणपणी मुंबईत एका जुन्या घड्याळजीच्या हाताखाली शिकलेले, आणि मुलाने नेरूळला घर घेतलं म्हणून इकडे आलेले. उंच, किडकिडीत, पांढरी दाढी नीट कातरलेली. डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर चढवलेलं असायचं आणि बरेचदा ते तिथंच विसरून ते नमाजाला जात. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सगळीकडे सेलवरची घड्याळं झाली होती. त्यांचे सेल बदलणं हे चाचांचं पोटापाण्याचं काम. ते काम ते भिंग न लावता, गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, भाजी निवडावी तसं करत.

जुनं, चावीचं घड्याळ पुढ्यात आलं की गप्पा बंद. मग त्यांचा एकच प्रश्न असे. "चालू पायजे की नवं पायजे? दोन्ही एकदम नाय भेटत."

मला हा प्रश्न विचारला गेला तेव्हा मी "दोन्ही" असंच उत्तर दिलं होतं. त्यात माझ्या धंद्याचाही दोष होता. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी पितळी व्हॉल्व तपासायचो. माप केसाएवढं चुकलं, कड जराशी घासलेली दिसली की माल बाजूला. दिवसाचे आठ तास मी वस्तू नापास करायचो आणि संध्याकाळी घरी येऊन भाजीत मीठ कमी असल्याचं सांगायचो. घरातल्या लोकांचं माझ्याबद्दल काय मत होतं ते इथे सांगण्याची गरज नाही.

घड्याळ होतं माझ्या आतोबांचं, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचं. ते जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि घड्याळ तेव्हापासून बंद होतं. आत्याला मूलबाळ नव्हतं. काचबिंदूने तिची दृष्टी गेली, तसे आम्ही तिला परळहून नेरूळला आमच्याकडे आणलं. आल्यावर आठव्या दिवशी तिने ट्रंकेतून एक रुमाल काढला, त्यात हे घड्याळ. "अनिल, हे तू घे," ती म्हणाली. "फक्त एकदा चालू कर. मला दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. आणि त्यात काही नवंजुनं करू नकोस." तिने आमच्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती आणि पुढेही तिने फारसं काही मागितलं नाही.

चाचांनी झाकण उघडलं, भिंग डोळ्यावर ओढलं आणि आतलं यंत्र निरखून पाहिलं. मग घड्याळ उलटंसुलटं करून बाजूची चावी पाहिली. चावी म्हणजे आपण चिमटीत धरून फिरवतो ती दातेरी गोल कळ.

"हे साहेब घड्याल हातातून काढतच नव्हते," चाचा म्हणाले. "मनगटावर ठेवूनच चावी द्यायचे. वाईट सवय."

मी चाट पडलो. आतोबा सकाळी चहाची बशी एका हाताने तोंडाला लावत, ती ठेवली की घड्याळाला चावी देत, हे मी लहानपणी पाहिलं होतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"बघा ना. दाते भायेरच्या कडेला गुळगुळीत, आतल्या, घड्यालाला लागून असलेल्या कडेला नवे. घड्याल हातात असलं की आतल्या कडेला बोट पोचत नाय."

मी डायलकडे बोट दाखवलं. ती पिवळी पडली होती आणि चारच्या आकड्यापाशी तपकिरी डाग होता. ती रंगवून मिळेल का, काट्यांना पॉलिश होईल का, असं मी विचारलं. चाचांनी भिंग कपाळावर चढवलं. "बाईंनी काय सांगितलंय?" मी आत्याचं वाक्य सांगितलं. "मग मला कशाला इचारता?" ते म्हणाले आणि घड्याळ डबीत ठेवून दिलं.

पाच आठवडे लागले. स्प्रिंग तुटली होती आणि चाचांना त्याच मापाची, त्याच कंपनीची जुनी स्प्रिंग हवी होती. त्यासाठी ते दोनदा मुंबईला जाऊन आले. मी दर शनिवारी चौकशीला जाई आणि दर शनिवारी ते "घाई असंल तर सेलवालं घ्या, आत्ता देतो" असं म्हणत. शेवटी घड्याळ मिळालं, तुटक्या स्प्रिंगच्या पुडीसकट. आत्याने ते कानाशी धरलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "हेच." त्या दिवशी तिला जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण रोज सकाळी मी चावी द्यायला घेतली की ती बोटांतून निसटायची. आतोबांनी तिचे दाते पार घासून टाकले होते. ती दोनदा फिरे, तिसऱ्यांदा निसटे. माझी कंपनीची बस सुटायची वेळ आणि हा रोजचा खेळ. मी चाचांकडे गेलो आणि चावी बदलून मागितली.

"चावी घासली हाय, मेली नाय," ते म्हणाले. "जरा दाबून धरा."

"आमच्याकडे असा माल भंगारात जातो, चाचा."

"म्हणून तर तुमच्याकडं व्हॉल्व बनतात."

याचा मला राग आला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी कारखान्यात इतरांना ऐकवत असे. मी वाशीच्या एका झगझगीत दुकानात गेलो. तिथल्या माणसाने हसून घड्याळ घेतलं आणि दहा मिनिटांत नवी चावी बसवून दिली. दाते कसे टोकदार, फिरवायला सुरेख. मी खूश झालो. डायलला मी हात लावू दिला नव्हता, म्हणजे आत्याचा शब्द पाळला, असाही हिशेब मी मनात केला. जिच्याकडे माणूस पाहतो ती डायल, चावीकडे कोण पाहतं?

पाहत कोणीच नव्हतं. आत्याने त्या संध्याकाळी घड्याळ मागितलं, कानाशी नेलं आणि सहज अंगठा चावीवरून फिरवला. तिचा हात तिथंच थांबला.

"चावी बदललीस का रे?"

"हो. रोज निसटायची."

"शेवटचे चार महिने हे इस्पितळात होते," आत्या म्हणाली. "हातात जोर नव्हता, पण घड्याळ काढू देत नसत. मग मीच द्यायची चावी, यांच्या मनगटावर. रोज सकाळी. गुळगुळीत होती, निसटायची. निसटली की हे हसायचे." तिने घड्याळ माझ्या हातात दिलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

मला आयुष्यात लाज वाटल्याचे प्रसंग थोडे आहेत, त्यात हा पहिला. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी चाचांच्या काचेच्या पेटीसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "जुनी चावी कुठाय?"

"तिथंच राहिली. मी मागितली नाही."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. गटारात पुड्या टाकणाऱ्या गिऱ्हाइकांकडे ते ज्या नजरेने पाहत, तीच ही नजर. मग त्यांनी पेटीला कुलूप लावलं. शुक्रवारखेरीज भर दुपारी त्यांनी दुकान बंद केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

वाशीच्या दुकानदाराने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पुढे केला. त्यात जुन्या चाव्या, काटे, स्क्रू, सगळा खच. चाचा जमिनीवर मांडी घालून बसले, रुमाल पसरला, भिंग लावलं आणि एकेक चावी चिमट्याने उचलून पाहू लागले. प्रत्येक वेळी बाहेरची कड, मग आतली कड. दुकानातली गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून जात होती. मी मदतीला वाकलो तर म्हणाले, "तुमी नको. तुमी फेकून द्याल." दोन तासांनी डबा रिकामा झाला. आमची चावी त्यात नव्हती. दुकानदार म्हणाला, काउंटरवरचं काही खाली पडलं असेल तर ते रोज रात्री झाडून जातं. चाचांनी सगळा माल डब्यात नीट भरून परत दिला आणि त्याला सलाम केला.

परतीच्या बसमध्ये मला एक युक्ती सुचली. हाताशी कारखाना होता, कानशी होत्या, बारीक पॉलिश पेपर होता. "चाचा," मी म्हटलं, "नवी चावी बाहेरच्या कडेनं घासून घेऊ. अगदी तशीच करू. आत्याला दिसत नाही. जुनी सापडली म्हणून सांगू."

चाचा खिडकीबाहेर पाहत होते. "घासता यील," ते म्हणाले. "मी घासली तर बाईंना काय, मला पन कळनार नाय."

"मग?"

"मग नाय करनार. डोळे गेले बाईंचे. आता बोट राहिलंय, त्याच्याशी पन खोटं बोलायचं?" मग माझ्या मनगटावरच्या घड्याळाला त्यांनी बोट लावलं. "घड्याल त्यांचं, ते त्यांचंच राहील. ही चावी तुमची. नवी हाय तर नवी राहू द्या. आता तुमी घासा."

घरी येऊन मी आत्याला खरं तेच सांगितलं. डबा, दोन तास, आणि कानशीची युक्तीसुद्धा. कानशीवर ती चक्क हसली. मग तिने नव्या चावीवरून अंगठा फिरवला. "खरखरीत आहे," ती म्हणाली. "तुझ्यासारखीच. राहू दे. तू देत जा चावी, मी ऐकत जाईन."

तेव्हापासून सकाळचा चहा मी आत्याच्या खाटेपाशी बसून घेऊ लागलो. चहा संपला की चावी. ती मोजायची आणि पुरे झाली की "बस" म्हणायची. बसची घाई असल्याने घड्याळ हातातून काढायला मला सवड नसे. चाचांनी पाहिलं असतं तर बोलले असते. आत्या पुढे चार वर्षं होती. त्या चार वर्षांत मी तिच्याशी जितकं बोललो तितकं आधीच्या चाळीस वर्षांत बोललो नव्हतो, आणि त्याचं श्रेय मी माझ्याकडे घेत नाही.

आत्या गेली त्याच वर्षी चाचा गावी परत गेले. जिन्याखाली सोसायटीला मीटरची खोली करायची होती, आणि सेल बदलायला आता प्रत्येक जनरल स्टोअरवाला बसला होता. मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा भिंतीवरची घड्याळं उतरवलेली होती आणि भिंतीवर त्यांचे गोल पांढरे डाग राहिले होते. मी आत्याची बातमी सांगितली. त्यांनी ओंजळ धरून ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. मग माझं मनगट पुढे ओढलं, भिंग लावलं आणि चावी पाहिली.

"अजून नवीच हाय," ते म्हणाले. "बरीच वर्सं लागतील."

"किती?"

"घाई असंल तर सेलवालं घ्या," चाचा म्हणाले आणि हसले. मी त्यांचा श्रीवर्धनचा पत्ता लिहून घेतला. ईदला दोन वर्षं पत्र टाकलं, त्यांचं उत्तरही आलं. नंतर मी टाकलं नाही. का नाही टाकलं, याला कारण नाही, आणि म्हणूनच ते टोचतं.

परवा घड्याळ मागे पडू लागलं म्हणून ठाण्याच्या एका कारागिराकडे नेलं. चांगला, मध्यमवयीन माणूस. तो काय काय बदलणार ते मी आधी विचारलं आणि जे काढाल ते पुडीत बांधून द्या, असंही सांगितलं. त्याने मान डोलावली, घड्याळ हातात घेतलं आणि चावी फिरवून पाहिली. ती निसटली. त्याने पुन्हा फिरवली, मग भिंगातून बाजूने निरखून पाहिलं.

"काका, तुम्ही घड्याळ हातातून न काढताच चावी देता का?" त्याने विचारलं. "एका कडेनं पार गुळगुळीत झालीय. बदलून टाकू?"

"नको," मी म्हटलं.

घड्याळ त्याच्याकडून परत घेऊन मी तिथेच, दुकानाच्या दारात, डोळे मिटून चावीवर अंगठा फिरवला. आतली कड खरखरीत होती. बाहेरची नव्हती. चाचांना ती दाखवायची राहून गेली.