खिळ्यावरचा मोजा

त्या रस्त्यावर तिला तोंडावर सगळे मावशी म्हणत आणि पाठ वळली की कात्री. तिच्या शिवणकामाचा या नावाशी निम्माच संबंध होता. ती शिवायची उत्तम, पण दुसऱ्याच्या शिवणीला नावं ठेवायची त्याहून उत्तम. दुकानात तिच्या मशीनच्या वर भिंतीला एक खिळा होता. दुसऱ्या शिंप्याने वाट लावलेला कपडा कुणी दुरुस्तीला आणला, की तो आधी काही दिवस त्या खिळ्यावर लटकायचा आणि मग दुरुस्त व्हायचा. कधी एक खांदा उतरलेला कोट, कधी एक पाय आखूड असलेली पँट. "बघा, बघा, डोळे गहाण ठेवून शिवलंय!" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. लोक हसायचे आणि तिचा दिवस चांगला जायचा.

मग तिला पिशवीचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये पिशवीबरोबर जांघेतल्या गाठीही काढल्या. जीव वाचला, पण काही महिन्यांनी डावा पाय सुजायला लागला. पायातलं पाणी ज्या वाटेने वर जायचं ती वाटच बंद झाली, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळपर्यंत पाय घोट्यापासून मांडीपर्यंत गच्च भरायचा आणि असा ठणकायचा, की चादरीचं ओझंही त्याला सहन होत नसे.

तिला बघायला माणसं येऊ लागली. नुसतं बघून त्यांचं भागत नसे. बोट दाबून खड्डा पडतो का, हेही त्यांना पाहायचं असे, आणि खड्डा पडला की त्यांचे चेहरे उजळत. त्यानंतर फुकटचे सल्ले सुरू होत. कुणी म्हणे मीठ सोड, कुणी म्हणे शेक दे. एक चुलत नणंद लांबून आली आणि म्हणाली, "आमच्या शेजारीण बाईंचा पाय अगदी अस्साच होता."

"मग?"

"गेल्या बिचाऱ्या."

नणंदेला चहा न देता कात्रीने कूस बदलली.

पण तिला खरी धास्ती होती ती मशीनची. दुकान तिचं आणि जावेचं. जाऊ काउंटर सांभाळायची, मशीन हिचं. जाऊ वाईट नव्हती, म्हणून तर तिचं बोलणं जास्त लागायचं. "ताई, तुम्ही आता आराम करा. मशीनवर कुणीतरी बघू आपण." त्या 'कुणीतरी'ने कात्रीची झोप उडाली. सूज आटोक्यात आली तरच मशीनवर बसायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि त्यासाठी दिवसभर मापाचा घट्ट मोजा घालायचा होता.

हॉस्पिटलमधली मोज्याचं माप घेणारी बाई आली आणि कात्रीच्या कपाळाला आठ्या पडल्या. टेप अशी धरतात? शेवटी मोजा आला तो तिच्या मते भिकार. चढवताना घाम फुटायचा. घोट्याला जीव जाईल इतका आवळलेला आणि वर मांडीला मात्र सैल.

"कापणारा गाढव आहे," तिने जावेला सांगितलं. "जिथे दुखतं तिथे घट्ट, आणि जिथून घसरतो तिथे ढिला. उलटं माप लावलंय मेल्यानं."

"त्या बाईंना विचारा ना एकदा."

"कुणाला? जिला टेप धरता येत नाही तिला?"

भर दुपारी तिने मोजा उसवला. घोट्याला कापडाची पट्टी घालून जागा केली आणि वरच्या तोंडाला चांगलं दणकट इलॅस्टिक बसवलं. शिवण इतकी सफाईची, की बोटाला लागू नये. घोट्याचा जाच गेला, मोजा घसरायचा थांबला, आणि हॉस्पिटलवाल्यांना काडीची अक्कल नाही, हे तिचं घरात सगळ्यांना ऐकवून झालं.

तिचा तोरा फार टिकला नाही. इलॅस्टिकच्या खालचा पाय फुगत गेला, लालभडक झाला, आणि ती थंडी वाजून तापाने फणफणली. तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं.

टेपवाली बाई कॉटपाशी आली. तिने मोजा उलटा करून आतली शिवण पाहिली.

"कोणी केलं हे?"

हे वाक्य कात्रीने जन्मभर स्वतःच्या तोंडून ऐकलं होतं. "धुताना बिघडला," ती म्हणाली.

"मावशी, खाली घट्ट आणि वर सैल, हेच तर औषध आहे. पाणी खालून वर ढकलायचं असतं. तुम्ही वरच दोरी बांधलीत." मग ती बाई मऊ आवाजात म्हणाली, "शिवण मात्र सुंदर आहे हो." कात्रीला एवढी शरम आयुष्यात वाटली नव्हती.

मशीन पुन्हा लांबणीवर पडलं. जाऊ रोज भेटायला यायची, पण मोज्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. ती बोलली असती तर हिला तोंड सोडता आलं असतं. शेवटी हिनेच विचारलं, "मशीनवर कुणाला बसवलंस?"

"कुणाला बसवू? तुम्ही दुसऱ्या दिवशी त्याचं काम खिळ्यावर लावाल."

कॅन्सर कळला तेव्हा न रडलेली बाई तिथे हमसून हमसून रडली.

नवा मोजा त्याच मापाचा आला आणि तिने तो निमूट चढवला. दुकानात आली तेव्हा तिला मशीनवर बसायची परवानगी नव्हतीच. मापं घ्यायची, कापायचं, आणि मध्ये मध्ये पाय स्टुलावर टाकून बसायचं. मशीनवर कापडाचं आच्छादन होतं. ते काढायला तिचे हात शिवशिवत, पण आता ती पायाला विचारल्याशिवाय काही करत नसे.

एकदा कोटाचं माप द्यायला आलेल्या गृहस्थांची नजर खिळ्यावर गेली. तिथे तो घोट्याला पट्टी आणि वर इलॅस्टिक लावलेला मोजा लटकत होता.

"काय हो मावशी, हा कुठल्या अतिशहाण्याचा उद्योग?"

काउंटरवर जावेने मान खाली घातली.

"होती एक बाई. आपल्याशिवाय जगात कुणाला माप कळत नाही, असं वाटायचं तिला."

"मग? आता काय करते ती?"

"तुमचं माप घेतेय. हात वर करा."