हात कुठे हवा, तेही सांग

माझी धाकटी जाऊ सोफ्याची कव्हरं शिवते. कापड नुसतं चिमटीत धरलं की ते अंगाला टोचेल की नाही हे ती सांगते. तिला नाही कळणार तर कोणाला! लहानपणापासूनचा इसब. मानेवर, पोटावर, कोपरांच्या आतल्या बाजूला कातडी लाल होते, सोलते, खाजवलं की रक्त येतं. पायाने मशीन चालू आणि हाताने खाजवणं चालू. तरी गिऱ्हाईक तिच्याच कव्हरांना.

माझं तोंड फटकळ, हे सगळं घर सांगतं. तरी एका दुपारी ती माझ्यासमोरच येऊन बसली.

"ताई, मी माहेरी जाते. कायमची. यांना म्हणावं, दुसरं लग्न करा."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

मग रडत रडत सगळं बाहेर आलं. वर्ष होत आलं, नवराबायको जवळ आली नव्हती. त्याने कुशीत घेतलं की अंगाची नुसती आग व्हायची आणि ती भिंतीकडे सरकायची. चादरीवर रक्ताचे ठिपके पडायचे, ते तो उठायच्या आत धुऊन टाकायची. "शिसारी येत असेल हो त्यांना. आता तेही पाठ करून झोपतात."

मला असा राग आला! तिचा नाही, एवढं सगळं एकटीने गिळत बसली त्याचा. "ऊठ, चप्पल घाल," म्हटलं आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर बाई होत्या. धाकटीने मान दाखवली, कोपर दाखवलं. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही? नाही म्हणे. मला कुठलं राहवतंय!

"डॉक्टर, ही घर सोडून निघाली आहे. या खाजेपायी नवरा-बायकोचं सगळं बंद पडलंय."

धाकटी टेबलाखाली शिरायचीच बाकी होती. डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाल्या, "हे मीच आधी विचारायला हवं होतं. नवऱ्यालाही बोलवा."

भावोजी गॅरेजमध्ये डिझेलची इंजिनं खोलतात. ते आले आंघोळ करून, भांग पाडून, आणि अत्तराचा असा भपकारा घेऊन की डॉक्टरांनी पंखा वाढवला.

"हे रोज लावता?"

"झोपताना जरा जास्तच," भावोजी खाली मान घालून म्हणाले. "डिझेलचा वास अंगातून जात नाही. हिला किळस येते, लांब सरकते. शेवटी मीच तोंड फिरवून झोपायला लागलो."

धाकटी ताडकन उठली. "मला डिझेलची किळस येते असं कोणी सांगितलं? मला वाटलं, तुम्हाला माझी येते!"

"तुझी? अगं, वेडी आहेस का तू?"

मी कपाळावर हात मारला. ती सरकायची म्हणून हा अत्तर वाढवायचा, आणि अत्तर वाढलं की तिची आग वाढायची. दोघंही एकमेकांसाठी झुरत होती आणि तोंडाला दोघांच्याही कुलूप!

डॉक्टरांनी अत्तर त्या दिवसापासून बंद केलं. इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही म्हणाल्या, पण मुळापासून जाईल असंही त्या म्हणाल्या नाहीत. मलम नेमाने लावायचं. मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, "हात कुठे नको ते सांगायचं. कुठे हवा, तेही सांगायचं." भावोजींचे कान लालबुंद झाले.

माहेरची बॅग तिने स्वतःच रिकामी केली. खाज अजून अधूनमधून उसळते. मागच्या महिन्यात ती सरळ म्हणाली, "आज नको, पोट पेटलंय." भावोजी रुसले नाहीत. तिला मलम लावून दिलं आणि दोघं पत्ते खेळत बसली. पत्त्यांत ती लबाडी करते, हे त्यांना त्या दिवशी कळलं!

परवाच्या रविवारी उन्हं चांगली वर आली तरी त्यांचं दार बंद. आतून धाकटीचं खळखळून हसणं. सासूबाई दार वाजवायला निघाल्या, मी आडवी उभी राहिले.

"खबरदार, दाराला हात लावाल तर!"

"अगं, कव्हरं न्यायला माणूस यायचाय. तिला बरं नाही का?"

"चांगलं बरं आहे," मी म्हटलं. "इतकं बरं तिला जन्मात कधी नव्हतं."