मिरचीचा लाल आणि माझा नवा मॉनिटर

मंगळवारी मॉनिटर घ्यायला बाजारात गेले होते. घरी येऊन चार दिवस झाले, पण मन अजून त्या दुकानातच अडकलंय...

मी घरून पाकिटांची लेबलं आणि लग्नपत्रिका डिझाइन करते. गेल्या महिन्यात नंदुरबारजवळच्या एका गावातल्या महिला बचत गटासाठी मिरची पावडरचं लेबल केलं. माझ्या जुन्या मॉनिटरवर लाल रंग फारच भडक दिसायचा, म्हणून मी तो कमी कमी करत गेले... आणि छापून आलं तेव्हा पाकिटावरची मिरची दोन वर्षं पोत्यात पडून असल्यासारखी तपकिरी!

गटाच्या अध्यक्ष सुनंदाताई चिडल्या नाहीत. एकदा अजून करून बघा, नाहीतर आम्ही सुरतेहून करून आणतो, एवढंच म्हणाल्या. माझं सगळ्यात मोठं काम जाणार होतं. त्याहून जास्त लागलं ते हे, की नंदुरबारसारख्या मिरचीच्या गावात राहून मला मिरचीच जमली नाही.

म्हणून मॉनिटर बदलायचं ठरवलं. वाइडस्क्रीनच हवा होता, म्हणजे पाकिटाची पुढची-मागची बाजू एका नजरेत दिसली असती. बजेट अठरा हजारांच्या आत. पंधरा दिवस रिव्ह्यू वाचले, व्हिडिओ बघितले, पॅनल काय, ब्राइटनेस काय, सगळं पाठ... नवऱ्यापेक्षा जास्त वेळ मी त्या यादीला दिला.

नेमकी त्या दिवशी नवऱ्याची ड्यूटी. मग एवढा मोठा बॉक्स रिक्षात धरायला सोबत आले माझे सासरे, नाना. नानांनी चाळीस वर्षं मिरची पथारीवर काम केलं, म्हणजे शहराबाहेर मोकळ्या जागेत मिरची वाळत घालतात तिथे. माल पारखायचं काम. आता घरीच असतात, पण सकाळची पथारीवरची फेरी चुकत नाही आणि येताना खिशात दोन-चार मिरच्या असतातच.

आमच्यात बोलणं म्हणाल तर चहा ठेवलाय, गोळी घेतली का, इतपतच.

दुकानात शिरताच मी एका कर्व्ह्ड मॉनिटरसमोर थांबले. काय झगमगाट! पेन ड्राइव्हमधला सुनंदाताईंच्या मिरचीच्या ढिगाचा फोटो त्यावर लावला, तर मिरची नुसती पेटलेली. माझं ठरलंच होतं. दुकानदार भाऊ बिल करायला निघालेसुद्धा.

तेवढ्यात स्टुलावर बसलेले नाना उठले. खिशातून एक मिरची काढली आणि स्क्रीनला अगदी खेटून धरली. थोडा वेळ बघत राहिले... मग म्हणाले, "हाऊ लाल खोटा शे. अशी मिरची ऱ्हास नही."

मिरची अशी नसतेच म्हणे! मी ओशाळले. दुकानदार हसून म्हणाले, काका, आजकालचे मॉनिटर असेच ब्राइट असतात. नानांनी वर ट्यूबलाइटकडे बोट दाखवलं. "दिवाखाले कोणी मिरची पारखतस का?"

भाऊ भला माणूस. त्यांनी त्या बाजूच्या ट्यूबलाइट बंद केल्या आणि माझ्या बजेटमधले तीन मॉनिटर शटरजवळ, दिवसाच्या उजेडात आणून मांडले. तिन्हींवर तोच फोटो. नाना एकेकासमोर मिरची धरून उभे... घाई नाही. बाजूचे गिऱ्हाईकही आपलं काम सोडून बघायला लागले.

तिसरा मॉनिटर अगदी साधा होता. सपाट, रुंद, चमक नसलेला, माझ्या यादीत शेवटून दुसरा. नाना तिथे थांबले. फोटोतल्या ढिगावर बोट फिरवत मला म्हणाले, यात दोन तोडण्यांचा, म्हणजे दोन वेळा खुडलेला माल मिसळलाय. ही आधीची, ही नंतरची, हिचा रंग जरा दाट आहे.

मला काहीच दिसेना. फोटो मी काढलेला, महिनाभर रोज बघितलेला... मग वाकले, त्यांच्या बोटाच्या मागे मागे बघत गेले, आणि दिसलं. एका लालात दोन लाल! लगेच कर्व्ह्डवर जाऊन बघितलं. तिथे सगळा ढीग एकसारखा.

राहवेना म्हणून तिथूनच सुनंदाताईंना फोन लावून विचारलं. त्या म्हणाल्या, हो, फोटोसाठी ढीग कमी पडत होता म्हणून दुसऱ्या तोडणीची मिरची वर टाकली होती, पण तुम्हाला कोणी सांगितलं?

दुकानदार भाऊ लगेच नानांसाठी चहा सांगायला गेले. आणि हो, बिल त्या साध्या मॉनिटरचंच झालं.

दोन दिवसांत लेबल नव्याने केलं. प्रत्येक बदलानंतर नानांना हाक मारत होते, ते खिडकी उघडायला लावायचे आणि मगच बघायचे. काल छापील नमुना घेऊन बचत गटाच्या गावी गेले. सुनंदाताईंनी पाकीट अंगणात नेलं, वाळत घातलेल्या मिरचीवर ठेवलं.

त्यांनी बाकीच्या बायकांना बोलावलं आणि म्हणाल्या, "आते दिखी ऱ्हायनी आमनी मिरची."

काम हातचं गेलं नाही. पण खरं सांगू... आठ वर्षं मी या घरात आहे. आठ वर्षं रोज सकाळी त्या माणसाच्या हातात चहा देते, आणि तुम्हाला काय काय येतं हो नाना, असं एकदाही विचारलं नव्हतं. आज सकाळी विचारलं. चहा गार झाला तरी ते सांगतच होते.