लीडभाऊंचं नाव

लीडभाऊ दुसऱ्याची ओळ वाजवायच्या आधी कानाच्या पाळीला हात लावत आणि ज्याची ओळ त्याचं नाव घेत. तो माणूस विलायतेतला असला, तरीही. गोंदियातल्या लग्नांच्या ऑर्केस्ट्रात ते लीड गिटार वाजवत, म्हणून त्यांचं हे नाव. दिवसा राईस मिलमध्ये पोती शिवायचे आणि संध्याकाळी सायकलने कामठ्याला घरी. १९९९ साली मी अकरावीत होतो. फुलचूरहून त्यांच्याकडे शिकायला गेलो की मिलचा कोंडा अजून त्यांच्या भुवयांवर दिसायचा.

रॉक गिटारवाल्यांची नाती ते लग्नातल्या म्हाताऱ्यांसारखी लावत. कॅसेट सुरू झाली की डोळे मिटून म्हणायचे, "हा पोट्टा त्या दुसऱ्याचा चुलतभाऊ होय. दोघं बी तार सारखीच ताणून राहिले, फक्त हा लवकर सोडते. आन् दोघायचा आजा एकच, अमेरिकेच्या कापसाच्या वावरातला म्हातारा." मी म्हणायचो, म्हणजे सगळे चोरच की. त्यावर ते खरंच चिडायचे. "चोर काऊन? नाव घेतलं तर शिष्य. नाही घेतलं तर चोर."

वाजवण्यात त्यांची स्वतःची अशी एकच जागा होती. तार हळूहळू वर ताणायची, सूर गाठायच्या केसभर आधी थांबायचं आणि सोडून द्यायची. त्यांचे वडील दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, गात; ओळीच्या शेवटी आवाज तसाच चढवत. "हे कोण्या गोऱ्याचं नाही बाबू, माझ्या बाचं होय," असं सांगून त्यांनी ती मला दिली. बोटांत बसायला मला चार महिने लागले. एवढ्या दिवसांत एकदाही त्यांनी कंटाळा केला नाही.

पुढे कॉलेजला नागपूरला गेलो. तिथल्या एका स्पर्धेत मी ती जागा वाजवली आणि टाळ्या पडल्या. लीडभाऊ मिलमध्ये सुट्टी टाकून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले होते. परीक्षकांनी माइकवरून विचारलं, "वा, ही जागा कुणाची?" आणि मी नालायक, एका जगप्रसिद्ध इंग्रजाचं नाव सांगून मोकळा झालो. पोती शिवणाऱ्या माणसाचं नाव घेतलं तर पोरं हसतील, एवढीच ती भीती. परीक्षक म्हणाले, "वाटलंच." माझा पहिला नंबर आला.

त्यांच्याबरोबर मीही गावी निघालो. पॅसेंजरमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसलो. तुमसर गेल्यावर तेच बोलले. "बरोबर आहे बाबू. त्याचा बी हात थोडा तसाच चालते. तो बी सुराच्या आधी थांबते." मग गोंदिया येईपर्यंत हा माणूस त्या इंग्रजात आणि आपल्या बापात साम्य शोधत राहिला, का तर माझी लाज राखायला. त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी माफी मागितली नाही. तोंडाशी आलं होतं, पण नाही मागितली.

पुण्याला नोकरी लागली. गावी आलो तरी कामठ्याला जायचं टाळायचो, दर वेळी काही ना काही निमित्त सापडायचंच. दोन हजार तेराच्या सुमारास लीडभाऊ गेले आणि मला ते आठ दिवसांनी कळलं. तेव्हा गेलो.

अंगणात शेजारपाजारचे बसले होते. वहिनींनी, म्हणजे लीडभाऊंच्या बायकोनं, पाणी दिलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हेच ते. नागपूरच्या स्टेजवर यायनंच आमच्यायचं नाव घेतलं होतं. शेवटपर्यंत सगळ्यायले सांगून राहिले होते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय म्हणले होते तुमी तवा? एक डाव सांगा ना. मले तं यायलेच भेटलं नाही."

आता खरं सांगायचं म्हणजे लीडभाऊंना खोटं पाडायचं. मी उभा राहिलो.

"ही जागा कामठ्याच्या लीडभाऊंची आहे," मी म्हणालो. "आणि त्यांच्या वडिलांची."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

"हो, असंच," त्या म्हणाल्या. "हेच शब्द सांगत होते ते."