बाबांचं पाच मिनिटांचं भाषण

आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीचं नाव काढलं तरी अजून माझं डोकं फिरतं. इथं अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये प्रजासत्ताक दिनाला माझ्या बाबांना पाहुणे म्हणून बोलवायची टूम त्याचीच. बाबा नव्वदीला टेकलेत, आई गेल्यापासून माझ्याकडे असतात. आपलं हवाई दल बाळसं धरत होतं तेव्हा ते डाकोटा विमानांच्या स्क्वाड्रनचे कमांडर होते. ईशान्येच्या डोंगरातल्या ठाण्यांवर रसद टाकायची, हे त्यांचं काम.

एका सकाळी दरीत ढग उतरलेले असताना वरून हुकूम आला, विमानं पाठवा. बाबांनी साफ नाही म्हटलं. पोरं डोंगरावर आपटतील, म्हणाले. कमांड गेली, बढती अडकली ती कायमची. पण ती पोरं जगली, नातवंडं खेळवून म्हातारी झाली. बाबांच्या लेखी अख्खी नोकरी म्हणजे ती एक सकाळ. तेवढंच त्यांना सांगायचं होतं. आठवडाभर आंघोळ करताना मोठमोठ्यानं प्रॅक्टिस चालली होती.

हॉलच्या दारातच सेक्रेटरीनं विचारलं, काय बोलणार? बाबांनी सांगितलं. तर हा शहाणा म्हणतो, "काका, हुकूम मोडला वगैरे निगेटिव्ह वाटतं. ते स्किप करा ना. मुलांना जोश पाहिजे. दोन-चार विमानं पाडली असतील, ते सांगा."

अरे गाढवा, तांदूळ टाकणारं विमान कुणाला पाडणार? माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बाबांनी माझा हात दाबला आणि म्हणाले, "बरं."

मग माइकवर ते झेंडा, देश, शिस्त असलं काहीतरी बोलले. शिस्त! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि समोशांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

गाडीत बसल्या बसल्या मी फुटलेच. "एवढ्या मोठ्या साहेबांना नाही म्हणालात आणि या टिनपाटाला बरं?"

बाबा सीटबेल्टशी झटापट करत होते. "तेव्हा नाही म्हटलं तर माझंच नुकसान होतं," ते म्हणाले. "इथं तुला राहायचंय या लोकांत."

मी पट्टा लावून दिला. तेवढ्यात मंडळाच्या ग्रुपवर सेक्रेटरीचा मेसेज आला, काकांनी कमाल केली म्हणून. मी दातओठ खात खाली 'थँक यू' लिहिलं.