फक्त हात

आज ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी जुनी क्लिप टाकली, टीव्हीवर दर रविवारी मुलांचा कार्यक्रम करणाऱ्या त्या ताईंची, आणि ‘किती गोड दिवस होते’ म्हणून सगळे गहिवरले. माझं मात्र डोकं तापलं. या ताई मुळशीला आमच्याच खाचरात आल्या होत्या, भातलावणी दाखवायला, आणि आल्या त्या लावणी उरकल्यावर. सोबत पुण्याहून आणलेली, कोरे करकरीत रेनकोट घातलेली मुलं. ताई वडिलांना म्हणाल्या, “काका, थोडी रोपं उपटून परत लावता येतील?” दारात आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. “उपटतो की ताई, त्यात काय हाय,” म्हणत वडिलांनी मुळं धरलेली रोपं उपटली. आम्हा वाडीतल्या पोरांना ताईंनी बांधामागे बसवलं. वडिलांना सांगितलं, “तुम्ही फक्त हात पुढे करा, चेहरा नको.” त्या मुलांनी अर्धी रोपं तुडवली, अर्धी आडवी खुपसली, आणि गाडी गेल्यावर आईवडिलांनी कंबर मोडेस्तोवर ती पुन्हा लावली. रविवारी ताई टीव्हीवर म्हणाल्या, “बघा, आपल्या छोट्या दोस्तांनी स्वतः शेत लावलं!” तरी वडील हसून म्हणाले, “आपलं खाचर दिसलं की न्हाई?” आजच्या क्लिपमध्येही कडेला रोपांची मूठ पुढे करणारा चिखलाचा हात दिसतो. मी ग्रुपवर लिहिलं, ‘हा हात माझ्या वडिलांचा आहे.’ त्यावर पाच लाल बदाम आले, आणि खाली लगेच एकीने विचारलं, ‘पण ताई आता कुठे असतात गं?’