लाल फुली मारलेलं कार्ड

लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप करून पुसलं. पण माझ्या मामाकडून साउंड कार्ड घेतलेले तुम्ही सगळे हे वाचाल, म्हणून लिहितेय.

मामा बावीस वर्षं स्टुडिओवाल्यांना कार्डं निवडून देतोय. डब्यावर काय छापलंय ते बघतसुद्धा नाही. मागच्या खोलीत कार्डाला माईक लावायचा आणि तासभर नुसती शांतता रेकॉर्ड करायची. खरखर आली, मध्येच आवाज तुटला, की कार्ड बाद. एक गिऱ्हाईक वैतागलं होतं, "अहो, एवढ्या वेळात सोयरीक जुळते!" मामा म्हणाला, "सोयरीक निभावून नेता येते हो. गाणारा परत तसंच गात नाही."

आणि घर दुकानाला लागूनच, त्यामुळे टेस्ट चालू असली की घरात कुणी बोलायचं नाही. मामी तर त्या खोलीशेजारच्या स्वयंपाकघरात भांडंसुद्धा वाजू देत नाही.

परवा दुपारी मी कॉलेजच्या रेकॉर्डिंगसाठी कार्ड घ्यायला गेले. टेस्ट नुकतीच संपली होती. मामाने दुकानातल्या स्क्रीनवरची आवाजाची रेघ बघितली. सपाट, आणि शेवटाकडे एकच टोक वर आलेलं. "गेलं! खटका आला," म्हणत त्याने डब्यावर लाल फुली मारली.

मला तेच कार्ड हवं होतं. "न ऐकताच बाद?"

"रेघ खोटं बोलत नाही गं."

मी हट्टाने हेडफोन लावला, आवाज वाढवला.

धप्प. मग अगदी हळू, "अहो..."

आम्ही आत धावलो. मामी स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. तोंड वाकडं झालेलं, डोळे उघडे. त्या टोकापासून टेस्ट संपेपर्यंत अकरा मिनिटं गेली होती. अकरा!!

मेंदूत गुठळी. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. डावा हात अजून हलत नाही. काल ती थोडं बोलायला लागली तेव्हा मी रडत रडत विचारलं, "मामी, ओरडली का नाहीस गं?"

"टेस्ट चालू होती ना... म्हणून हळू हाक मारली."

मामा शेजारीच उभा होता. तो तसाच बाहेर गेला.

तेव्हापासून तो वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून आहे, आत येतच नाही. मामी सारखी विचारते, "हे कुठेत?" काय सांगू तिला? माझं तो ऐकत नाही. तुम्ही त्याची जुनी माणसं. चार ते सहा भेटायला सोडतात. आजच जा, प्लीज. त्याचा हात धरा आणि त्याला आत घेऊन जा.